हिरव्या दोऱ्याची कॉइल

चिंचवड,
रविवार, ४ नोव्हेंबर १९७९

चारू,

नावाआधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, ते खोडलं. खोडलेलं दिसत असेल तर दिसू दे. खुशाली विचारत नाही. दिवाळीचं तुझं कार्ड मिळालं, त्यावरून बडोद्याला तुमचं बरं चाललंय एवढं कळलं.

काल दुपारी मी ती बास गिटार उघडली. चार जाड तारांची, वॉल्शसाहेबांनी अमेरिकेला परत जाताना कंपनीच्या ऑर्केस्ट्राला दिलेली. वाजवणारे हे एकटेच, म्हणून दहा वर्षं ती आमच्याच कपाटामागे उभी असते. पंधरा दिवसांपूर्वी तिचा आवाज बंद पडला. जानेवारीत गॅदरिंग आहे. हे म्हणाले, मुंबईला पाठवू, तू हात लावू नकोस. जिनं अकरा वर्षं कॉइल गुंडाळण्याशिवाय दुसरं काही केलं नाही तिला ‘हात लावू नकोस’ म्हणायचं म्हणजे कमाल झाली. हे सेकंड शिफ्टला गेले आणि मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसले. म्हटलं, दुरुस्त करून ठेवू आणि यांना चकित करू.

चकित मीच झाले.

अडुसष्ट साल तुला आठवतं की नाही असं मी विचारत नाही, आठवणारच. लाइन सुरू होऊन चार महिने झाले होते. आपण तेरा मुली रिलेच्या कॉइल गुंडाळून कंटाळलो होतो, आणि या केसासारख्या तारेचं पुढे होतं काय, हे कुणालाच दिसत नव्हतं. तेव्हा लाइन बसवायला आलेल्या वॉल्शसाहेबांनी हीच गिटार आपल्या बाकावर आडवी ठेवून उघडली. तारांखालचे ते दोन काळे तुकडे दाखवून म्हणाले, यांना पिकअप म्हणतात. आत चार चार चुंबकं आणि त्यांच्याभोवती तुमच्यासारखीच कॉइल. वरची तार हलली की कॉइलमध्ये वीज हलते, आणि तीच पुढे स्पीकरमधून गाते. ऐकून तू एवढी हरखली होतीस की जेवणाची घंटा झाली तरी उठेनास.

ही गिटार त्यांनी स्वतः जुनी घेतलेली होती, आणि घेण्याआधी अस्सल आहे की नाही ते आतून तपासलं होतं. कसं तपासायचं तेही त्यांनी आपल्याला शिकवलं. आवाज कमीजास्त करायच्या पॉटच्या पत्र्यावर आकडे ठोकलेले असतात, पहिले तीन कारखान्याचे, मग साल, मग आठवडा. आपण सगळ्यांनी वाकून वाचलं होतं, चौसष्ट साल, दहावा आठवडा. आतल्या वायरींवर प्लॅस्टिक नसतं, मेण लावलेलं सुती कापड असतं. जुनं सोल्डर राखाडी पडलेलं असतं, कुणी उकरलं की तेवढंच चकाकतं. मग त्यांनी पिकअपचं झाकण काढून कॉइल दाखवली. तिकडे ती हातात तार धरून गुंडाळतात, त्यामुळे थर सरळ बसत नाहीत, तार इकडून तिकडे हवी तशी धावते. आपल्यातली शुभदा पटकन म्हणाली, ही आमच्या इन्स्पेक्शनला पहिल्या फटक्यात नापास! साहेबांना भाषांतर करून सांगितलं तेव्हा तेही हसले.

काल मी तसंच एकेक बघत गेले. पॉट तोच. पिन खोचायच्या जॅककडे जाणारी वायर तीच कापडाची, तिथलं सोल्डर राखाडी. पिकअपकडे येणारी वायरही जुनीच, पण झाकणाच्या आत बोटभर गेल्यावर तिला सांधा, आणि सांध्यावर काळी नळी. झाकणं जुनी. आतल्या कॉइलवर काळी टेप, जी तेव्हा नव्हती. टेप सोलली. खाली आपल्या लाइनवरची तांबूस तार, आणि थर एकावर एक असे सरळ की एक वेढा दुसऱ्यावर चढलेला नाही. तुला जुनं झाकण ठेवता आलं, जुनी वायर जोडता आली. वेडंवाकडं गुंडाळणं मात्र जमलं नाही. आपले हात तसे राहिलेच नव्हते.

आणि शेवटच्या टोकाला हिरवा दोरा, दोन वेढे आणि गाठ. दोन्ही तुकड्यांवर.

आपल्या लाइनवर तेरा जणी आणि तेरा रंग. कॉइल पुरी झाली की टोकावर आपापला दोरा बांधायचा, मग टेप, म्हणजे नापास झाल्यावर टेप सोलून कुणाची ते बघता येतं. माझा पिवळा, तुझा हिरवा. चोरून करायच्या कामावरसुद्धा तू तुझा दोरा बांधलास, चारू. बांधलास हे तुला कळलंही नसेल. मी गाठ बघून आधी हसले, खोटं कशाला सांगू. किती दिवसांनी तुझा हात दिसला. मग हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

कारण या पिकअपसाठी मी ज्योतीरामला चोर म्हटलंय. पंचाहत्तरच्या डिसेंबरात वॉल्शसाहेब पाहुणे म्हणून गॅदरिंगला आले, स्टेजवर गिटार मागून घेतली, दोन सूर वाजवले आणि थांबले. झाकण उचलून, आत डोकावून म्हणाले, हे माझे पिकअप नाहीत, कुणीतरी बदललेत. आणि गिटार आमच्या घराबाहेर गेली होती ती एकदाच, जॅक खरखरतो म्हणून दोन दिवस ज्योतीरामकडे. मेंटेनन्सचा वायरमन तो, ऑर्केस्ट्राचे माइक आणि अँप्लिफायर तोच सांभाळायचा. हे काही बोलले नाहीत, नुसते त्याच्याकडे बघत राहिले. बोलले मी. दोनशे माणसांसमोर. तो फक्त ‘बरं, वहिनी’ म्हणाला आणि खाली बसून वायरी गुंडाळायला लागला. तू माझ्या शेजारी होतीस. तुझा हात माझ्या हातात होता, तो तू सोडवून घेतलास. मला वाटलं, तुला रडू येतंय.

पुरावा नव्हता म्हणून त्याची नोकरी राहिली, पण मेंटेनन्समधून त्याला पॅकिंगला टाकला. ऑर्केस्ट्रातून काढला. अख्खी कॉलनी त्याच्याकडे रेडिओ घेऊन जायची, ती जायची बंद झाली.

आता प्लेटिंगमधले सोपानराव. त्यांचा पुतण्या चाकणला सोसायटीत कारकून आहे, आणि त्याला ज्योतीरामची थोरली मुलगी सांगून आलीय. मुलगी पसंत आहे. येत्या पंचवीस तारखेला, रविवारी, भोसरीला सोपानरावांच्या घरी बैठक आहे, तिथे हो की नाही ठरणार. मागच्या शनिवारी कँटीनमध्ये ते माझ्यासमोर येऊन बसले. म्हणाले, “बाई, लग्नाचा मामला हाय म्हनून इचारतो. त्या टायमाला तुमी ज्योतीरामला चोर म्हनला होता, ते खरं, का रागाच्या भरात?”

मी म्हणाले, “खरं.”

चहा पिता पिता म्हणाले गं. आणि बरोबर आठ दिवसांनी गिटार उघडली.

तेव्हा मला तुझ्याकडून एकच हवंय. एका कागदावर लिही की पंचाहत्तर साली हे पिकअप तू गुंडाळलेस आणि ज्योतीरामचा यात काही संबंध नव्हता. खाली सही कर. कुणी सांगितलं, मूळचे पिकअप कुठे गेले, ते लिहू नकोस. मी कागद सोपानरावांपुढे ठेवीन. पंचवीसच्या आत पोचायला हवा.

आठ वर्षं एका बाकावर बसलो. लोक आपल्याला अरू-चारू म्हणायचे, एकीला हाक मारली की दोघी बघायचो. माझ्या मुलाची कुंची तू शिवलीस. म्हणून हे मॅनेजरला न लिहिता तुला लिहिते आहे.

अरुंधती


चिंचवड,
मंगळवार, १३ नोव्हेंबर

चारू,

नऊ दिवस झाले. पत्र पोचलं नाही असं मी धरून चालणार नाही. तुझं दिवाळीचं कार्ड चार दिवसांत इकडे येतं, तेव्हा माझं पत्रही चार दिवसांत तिकडे पोचत असणार.

टेप परत चिकटवून, स्क्रू होते तसे बसवून गिटार दुरुस्त न करताच जागेवर ठेवली आहे. यांना काही बोलले नाही. हे विचारतात, तुझं काय बिनसलंय? मी म्हणते, कंबर धरलीय. यांनी मला मलम आणून दिलं. मी ते लावतेसुद्धा.

काल पॅकिंगमध्ये डोकावले. काही काम नव्हतं, उगीच. ज्योतीराम खोक्यांना सुतळी बांधत होता. बारीकशा रिलेचा कॉन्टॅक्ट नुसत्या नखानं सरळ करणारा माणूस, चार वर्षं सुतळी बांधतोय. त्यानं मला पाहिलं आणि मान हलवली, नेहमीसारखी. या चार वर्षांत त्यानं एकदाही तोंड फिरवलं नाही. मीच फिरवत आले. निर्लज्ज आहे, असं म्हणायचे मी घरी. हेही ‘हं’ म्हणायचे.

परवा रविवारी ज्योतीरामला सांगून टाकायचं म्हणून दिघीच्या बसमध्ये बसले. उतरले. मिलिटरीच्या कुंपणाच्या कडेनं त्यांच्या चाळीपर्यंत गेले. दारात त्याची बायको अंबूबाई तांदूळ निवडत होती आणि थोरली तिच्या पाठीमागे उभी राहून तिची वेणी घालत होती. दोघी कशावरून तरी हसत होत्या. मी तशीच परत फिरले. तुझा कागद हातात असता तर गेले असते आत.

आणि ऐक. गिटार आमच्या कपाटामागून उठून आपली आपण तुझ्याकडे चालत गेली नाही, एवढं मला कळतं. मी मूर्ख आहे असं समजू नकोस. पण ते मला तुझ्या पत्रात वाचायचं नाही. तू फक्त तुझ्यापुरतं लिही.

बारा दिवस उरलेत.

अरुंधती


चिंचवड,
मंगळवार, २० नोव्हेंबर

चारू,

तुझं पत्र काल आलं. ‘लिहू नकोस’ म्हटलं होतं तेच तू लिहिलंस. बरं केलंस. आता सुरेंद्रला सुरेंद्रच लिहिते, ‘हे’ लिहायला मन होत नाही.

तू लिहितेस: ‘अरू, तुला सगळं माहीत असताना असं पत्र का लिहितेस? भावोजी माझ्याकडे आले ते तुझाच निरोप घेऊन. म्हणाले, अरूला लाइनची इन्चार्ज करायचं चाललंय, ती स्वतः हे पिकअप गुंडाळताना सापडली तर संपलंच, म्हणून तिनं तुझं नाव सुचवलंय. तिच्यासाठी एवढं कर. पण तिच्यापाशी विषय काढू नकोस, तिला फार ओशाळं वाटतंय. मी तुझ्यासाठी केलं. आणि पुढे स्टेजवर तू ज्योतीरामला तसं म्हणालीस तेव्हा मला भीती वाटली तुझी.’

हे पत्र मी लाइनच्या मागे, तारेची रिळं ठेवतात तिथे उभं राहून वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा कुठे समजलं. मग उरलेल्या पाच तासांत एकशे चाळीस कॉइल केल्या, एकही नापास नाही. कशा केल्या ते देव जाणे.

सुरेंद्र जनरल शिफ्टला होता. संध्याकाळी घरी आला, हातपाय धुतले, चहा घेतला. मी गिटार पलंगावर ठेवली, दोन्ही झाकणं काढली आणि म्हटलं, हा हिरवा दोरा कुणाचा ते सांग. त्यानं वाकून दोऱ्याला बोट लावलं. इतक्या वर्षांत त्यानं ती टेप सोललीच नव्हती, त्यामुळे दोरा त्यानं पहिल्यांदाच पाहिला.

मग सगळं सांगितलं. सांगताना फारसा अडखळला नाही, याचंच मला जास्त वाटलं. मुंबईचा कोणी रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारा होता, त्याच्याकडे अशीच गिटार, पण पिकअप जळालेले. इथे तसे मिळत नाहीत. तो म्हणाला, तुझे मला दे, मी तुला स्टुडिओत घेऊन जातो, दोन वर्षांत तू नोकरी सोडशील. यानं दिले. त्या माणसानं एकदा नेलं, बाहेर बाकड्यावर बसवून ठेवलं, परत कधी बोलावलं नाही. “आपल्या दोघांचंच भलं होणार होतं, अरू,” म्हणाला. “मी काय दारूत उडवले का?”

मी म्हटलं, आणि ज्योतीराम?

“त्याची नोकरी गेली का? नाही ना?”

मी म्हटलं, तू गप्प उभा राहिलास. दोनशे माणसांत तुला खरं माहीत होतं आणि तू गप्प उभा राहिलास.

तर माझा नवरा मला काय म्हणाला सांगू? म्हणाला, “चोर तू म्हणालीस. मी त्याला काही म्हणालो नव्हतो.”

बारा वर्षं संसार केला मी या माणसाशी. त्याचं खोटं मी एक वेळ गिळलं असतं गं, त्याला गाण्याचं किती वेड आहे ते मला माहीत आहे. पण हे वाक्य त्यानं आयत्या वेळी सुचून म्हटलेलं नव्हतं. चार वर्षं तयार ठेवलं होतं. रोज माझ्या हातचं जेवून, माझ्या शेजारी झोपून, हे वाक्य त्यानं जपून ठेवलं होतं. त्याच्या कामाला माझं नाव वापरलं, त्याच्या पापाला माझं तोंड वापरलं.

तुझ्या पत्राचा शेवट वाचला. कागद देणार नाहीस. सासरी कळलं तर काय होईल, तुझे यजमान काय म्हणतील. ठीक आहे. तुझ्यावर रागावायचं म्हटलं तरी कशावरून सुरुवात करू ते कळेना, म्हणून या पत्रात रागावत नाही.

पण एक कबूल करते. तुझा कागद मला ज्योतीरामसाठी हवा होता, तेवढाच माझ्यासाठी हवा होता. तो असता तर मला तोंड उघडावं लागलं नसतं. सोपानरावांनी वाचला असता, बडोद्याच्या कुणा चारुलतेनं केलं म्हणून विषय मिटला असता, आणि मी घरी येऊन पोळ्या केल्या असत्या.

अरुंधती


चिंचवड,
सोमवार, २६ नोव्हेंबर

चारू,

शनिवारी दिघीला गेले आणि या वेळी आत गेले. एकाच खोलीत सगळं, आणि मी नको म्हणत असताना अंबूबाईनं चहा टाकला. ज्योतीराम बाहेरून आला. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, गिटारचे पिकअप आमच्या घरातून गेले, माझ्या नवऱ्यानं दिले, कॉइल माझ्या मैत्रिणीनं गुंडाळली, मला परवापर्यंत ठाऊक नव्हतं. बसायला धीर होत नव्हता.

तो खाली बघत म्हणाला, “म्हंजे तुमी न्हवं?”

मला कळेना. तेव्हा तो बोलला. बोलतो फार कमी, हे तुला माहीत आहे. “जॅक दुरुस्त कराया उघाडली तवाच बघितलं मी. टेपचं टोक सुटलं होतं, खाली दोरा. आता दोरा म्हंजे वाइंडिंगच्या लाइनीवरचा, येवढं कळतंय की मला. कुनाचा कंचा रंग ते काय ठावं न्हाई. म्हनलं सुरेंद्रभाऊंच्या घरात वाइंडिंगच्या बाई तर तुमीच. टेप परत चिकटवली अन् गप बसलो.”

मी म्हटलं, आणि मी स्टेजवर तसं म्हणाले तेव्हा?

“तवा वाटलं, भ्याल्या बाई. लेकरू ल्हान हाय, दोघांची बी नोकरी जाईल. माझी तर काय, पुरावा न्हाई म्हनून ऱ्हाईल.” आणि म्हणाला, “पुढं पुढं राग आला, न्हाई असं न्हाई. पर तवर लई दिस झालं होतं.”

मी मघापासून आवरून धरलं होतं, ते तिथे सुटलं. अंबूबाईनं मला रडू दिलं, चहा पुढे केला आणि समोर बसली. तिचा आवाज चढला नाही. म्हणाली, “बाई, एक इचारू? ह्यो मानूस तुमच्या दारात वरीस वरीस येत हुता. तुमचा रेडिओ, तुमची इस्त्री, समदं ह्यानं नीट केलं. मंग ह्याच्यात असं काय दिसलं तुमाला, की ह्योच चोर आसंल?”

उत्तर माझ्यापाशी होतं. तो चाळीत राहतो आणि आम्ही ब्लॉकमध्ये. तो ‘न्हाई’ म्हणतो आणि आम्ही ‘नाही’. घरात चार पोरं. दुसऱ्या कुणाचं नाव माझ्या मनात आलंच नव्हतं गं त्या दिवशी. पिकअप गेले, आणि पुढच्या क्षणाला ज्योतीराम, एवढंच. हे तिच्या खोलीत बसून, तिचा चहा पिता पिता, तिला कसं सांगू?

काल बैठक. मी कुणाला न विचारता भोसरीला गेले. आधी सुरेंद्रला सांगितलं, मी जातेय आणि तुझं नाव घेणार आहे. तो म्हणाला, मुलाचा विचार कर. मी म्हटलं, त्याचाच करतेय. तो दारात आडवा उभा राहिला नाही, एवढं मात्र खरं.

सोपानरावांच्या सोप्यात सतरंजीवर पंधरा-वीस माणसं. ज्योतीराम भिंतीला टेकून, इस्त्रीच्या सदऱ्यात. मला बघून तो अर्धा उठला आणि नको नको अशी मान हलवायला लागला. बायका आतल्या दारात. मी तिथेच उंबऱ्याशी उभी राहिले आणि म्हटलं, “सोपानराव, तुम्ही मला कँटीनमध्ये विचारलंत तेव्हा मी सांगितलं ते खोटं होतं. ज्योतीरामनं काही घेतलेलं नाही. घेतलं माझ्या नवऱ्यानं. आणि चोर म्हणाले ती मी, माझ्याकडे कसलाही पुरावा नव्हता.”

एक म्हातारा म्हणाला, “बाई, नवऱ्याचं नाव घेताय?”

“हो,” म्हटलं. “त्याचंच.”

सोपानरावांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, “लगीन मोडन्यासाठी मानसं लई खोटं बोलत्यात. जुळावं म्हनून सोताचं घर मोडून घेनारी बाई मी आज बगितली. ज्योतीराम, घ्या सुपारी.” मला तिथे फार वेळ थांबवेना. अंबूबाई मागच्या दारानं माझ्यामागे आली आणि कपाळाला कुंकू लावलं. तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे बाकी आहे, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

आज सकाळी पर्सोनेलच्या साहेबांना अर्ज दिला. त्यात सगळं आहे, तुझं नाव नाही. गिटारही त्यांच्या टेबलावर ठेवली. सुरेंद्रला पुढच्या चौकशीपर्यंत घरी बसवलंय. तो खडकीला भावाकडे गेलाय, ये म्हटल्याशिवाय येऊ नकोस असं मी सांगितलंय, आणि ये कधी म्हणेन ते मलाच माहीत नाही. मुलगा विचारतो, बाबा टूरवर गेलेत का. मी त्याला ‘हो’ म्हटलं नाही. सांगेन काय ते. चार वर्षं नुसती चर्चेत असलेली माझी इन्चार्जची जागा अर्थात गेली. ज्योतीरामला मेंटेनन्समध्ये परत घेतात का ते या आठवड्यात कळेल. ऑर्केस्ट्रात ये म्हणून मी त्याला सुचवलं, तर म्हणाला, “त्ये राहू द्या.”

आता तुझ्यामाझ्यातलं.

मी गेले सहा दिवस एकाच गोष्टीवर अडले आहे. तू पिकअप गुंडाळलेस त्याचं मला आता काही वाटत नाही. माझ्यासाठी केलेस, म्हणालीस, मी मानते. कागद दिला नाहीस, तेही मी समजू शकते. पण चारू, त्या दिवशी स्टेजपाशी मी एका निरपराध माणसाला ओरडून चोर म्हणाले, आणि तुला वाटलं मी ते जाणून-बुजून म्हणतेय. स्वतःची चोरी लपवायला दुसऱ्याला बुडवतेय. तुला तसं वाटलं, आणि तू हात सोडवून घेतलास, दोन महिन्यांनी लग्न होऊन गेलीस, आणि तेव्हापासून मला दर संक्रांतीला तिळगूळ, दर दिवाळीला कार्ड. एकदा तरी विचारायचंस. एकदा तरी भांडायचंस माझ्याशी, की अरू, हे तू काय केलंस! तू विचारलं असतंस तर दोन मिनिटांत सगळं उघडं पडलं असतं, आणि तो माणूस चार वर्षं सुतळी बांधत बसला नसता. तू विचारलं नाहीस, कारण तुला शंकाच आली नाही. मी तशी असेन हे तुला पटलं.

ज्योतीरामलाही पटलं होतं. पण तो मला ओळखत होता कितीसा? दारात येणारा माणूस. तू तर माझ्या कोपराला कोपर लावून आठ वर्षं बसलीस.

हा प्रश्न तुला विचारायचा मला हक्क आहे का, याचाही विचार केला. नसावा. मीही ज्योतीरामबद्दल तेच केलं, आणि मला निदान त्याचं कारण सापडलं, लाजेचं असलं तरी. म्हणूनच विचारते. या पत्राचं उत्तर लिहिलंस तर त्यात माफी मागू नकोस, आणि सुरेंद्रला शिव्याही देऊ नकोस, त्या मी देते आहे. तेवढं एकच लिही. त्या आठ वर्षांत माझ्या हातून, माझ्या तोंडून असं काय झालं होतं, की मी हे करीन असं तुला वाटलं? काहीतरी झालं असणार. बारीकसं असेल, मला आठवतही नसेल. कितीही वाईट असलं तरी लिही. मला ते वाचायचंय.

अरुंधती